युरोपचे विमानाचे नियम कोलोनचे बाबू लादतात? नाही हो

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, की युरोपातले विमानाचे नियम जर्मनीत कोलोनला बसलेली ईआसा नावाची एजन्सी बंद दाराआड ठरवते, देशांना कोणी विचारत नाही, एका रात्रीत नियम लागू होतात आणि ब्रिटन बाहेर पडून त्यातून सुटलं. एकेक बघू.

बंद दाराआड? कायद्याने बांधील नियमांचा ईआसा फक्त मसुदा करते. तो एनपीए, म्हणजे प्रस्तावित बदलाची नोटीस, म्हणून वेबसाइटवर टाकतात आणि साधारण तीन महिने पायलट युनियन, एअरलाइन, छोटा ग्लायडर क्लब, कोणीही त्यावर कमेंट देऊ शकतं, नंतर त्या कमेंटना दिलेली उत्तरंही छापून येतात. मग तो ब्रसेल्सला युरोपियन कमिशनकडे जातो आणि तिथे बहुतेक नियमांवर युरोपियन युनियनच्या देशांचे प्रतिनिधी मतदान करतात, निदान 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या बाजूने लागते. म्हणजे देशांना विचारतात. तक्रार करायचीच तर नॉर्वे, आइसलंड, स्वित्झर्लंड, लिक्टेनस्टाइनच्या वतीने करा, ते युनियनमध्ये नाहीत, त्यामुळे नियम त्यांनाही लागू पण मत नाही!

एका रात्रीत हे तर साफ चूक आहे. पायलटच्या ड्युटीचे तास घ्या. मसुदा 2010 च्या शेवटी आला, पायलट संघटनांनी थकव्यावरून कडाडून विरोध केला, सप्टेंबर 2013 मध्ये युरोपियन संसदेच्या वाहतूक समितीने नाही म्हटलं, पुढच्याच महिन्यात पूर्ण संसदेने ते फिरवलं, आणि प्रत्यक्ष लागू व्हायला फेब्रुवारी 2016 उजाडला. त्या निकालावर पायलट चिडले ते मला पटतं, पण चिडायचं तर खासदारांवर, कोलोनच्या ऑफिसवर नाही. घाईचे आदेश असतात, ते सुरक्षेसाठी. मार्च 2019 मध्ये बोइंगचं 737 मॅक्स विमान थांबवलं तसे, आणि तिथेही ब्रिटन, जर्मनी, फ्रान्सने आपलं आकाश ईआसाच्या आदेशाआधीच बंद केलं होतं. मग देशांच्या हातात काही नाही कसं म्हणता?

लायसन्स देणं, एअरलाइन तपासणं हेही बहुतेक देशांची स्वतःची खातीच करतात. आधी जेएए, म्हणजे युरोपातल्या देशांच्या विमान खात्यांची संघटना, होती तेव्हा नियम कागदावर सारखेच होते पण कायद्याने बांधील नव्हते, प्रत्येक देश आपल्या सवडीने आणि आपल्या पद्धतीने घ्यायचा, त्यामुळे एका देशात चाललेलं दुसरीकडे अडायचं. ईआसा 2003 मध्ये सुरू झाली ती याच त्रासातून, देशांनीच काढली.

आणि ब्रिटन. 2020 च्या 31 डिसेंबरला ईआसाच्या व्यवस्थेतून बाहेर पडलं तेव्हा तेच युरोपियन नियम त्यांनी आपल्या कायद्यात जसेच्या तसे उतरवून घेतले. सुटका कसली, उलट ब्रिटिश लायसन्सवर युरोपात नोंदलेलं विमान उडवता येईना, म्हणून कित्येक पायलटनी आधीच आपलं लायसन्स आयर्लंड नाहीतर ऑस्ट्रियाकडे हलवलं होतं.