मयताचं नाव? मीच!

"मयताचं नाव?"

"मीच."

"मावशी, मयताचं विचारतोय. आणि डॉक्टरांचा दाखला कुठाय?"

पावणेदोन तास! टोकन ६१, गुडघ्यांचा भुगा, आणि शेवटी मला धाडलं कुठे, तर जन्म-मृत्यूच्या खिडकीवर. मी विचारलं होतं काय? लिव्हिंग विलची प्रत जमा करायचीय, ती सांभाळणारे कस्टोडियन कुठे बसतात. लिव्हिंग विल म्हणजे पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवणं. पहिल्या खिडकीने 'कस्टडी' ऐकलं, म्हणे पोलीस चौकी मागच्या गल्लीत. दुसरीने 'विल' ऐकलं, म्हणे फ्लॅट कुणाच्या नावावर करताय? तिसरा जेवायला गेलेला. पावणेबाराला! आणि मावशी कुणाची रे? सहासष्टची आहे, पण तुझ्या आईची बहीण नाही.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असं लिहून ठेवायचा हक्क दिला, तोही मॅजिस्ट्रेटच्या सहीचं शेपूट लावून. म्हणजे मरायची इच्छा कळवायला आधी कोर्टाच्या पायऱ्या झिजवा. २०२३ मध्ये म्हणे सोपं केलं. दोन साक्षीदार, नोटरी नाहीतर गॅझेटेड अधिकारी, एक प्रत महापालिकेला. हो, फारच सोपं! साक्षीला बोलावलेल्या शेजारच्या भावजींनी दोनदा पोहे घेतले आणि पेन हातात दिल्यावर आठवलं, आज अमावस्या. नोटरीने एक ओळ न वाचता शिक्का हाणला आणि विचारलं, "भाडेकरार ना?"

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथलीच नर्स अरुणा शानभाग हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षं अचेतन पडून होती. तिच्याच खटल्यात २०११ मध्ये कोर्टाने उपचार थांबवायचं दार किलकिलं केलं, पण तिच्यासाठी नाही. तेव्हापासून आपण दाराच्या कडीशीच खटपट करतोय.

सासूबाईंचे ते अकरा दिवस मी विसरत नाही. सकाळी डॉक्टर, 'बघूया'. संध्याकाळी बिलिंगवाला, 'डिपॉझिट भरा'. हात बांधून ठेवले होते त्यांचे, नळी ओढतात म्हणून. हिरव्या बांगड्यांच्या जागी गॉझची पट्टी. शेवटी डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशा, फॉर्मवर सही करून घरी आणलं. सही कुणाची? सुनेची. तिन्ही मुलगे तेव्हा पार्किंगचं बघत होते. आणि न्यू जर्सीहून नणंदबाई व्हिडिओ कॉलवर, "वहिनी, घाई केलीस." नऊ वर्षं झाली, दर दिवाळीच्या फोनमध्ये ती घाई अजून येते. फराळाचा डबा मात्र वेळेत पोचला पाहिजे.

म्हणून तर सगळं लिहून ठेवलं. व्हेंटिलेटर नको, छातीवर दाबादाबी नको. आमचे हे वाचून हसत सुटले. "नळ्या नकोत म्हणे! परवा करपट ढेकर आली तर रात्री अकराला ईसीजी काढायला लावलास." खरंय. वर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मी डॉक्टरवरच उखडले होते, नीट बघितलंत का म्हणून. बीपीची गोळी अर्धा तास उशिरा झाली तर घर डोक्यावर घेते. असो, तो मुद्दा वेगळा.

तर साहेब सोमवारी भेटतात, असं अखेर कळलं. मी चिडून विचारलं, "तोवर मला काही झालं तर?"

पोरगा खरोखर विचारात पडला.

"मग तुम्ही नाही आलात तरी चालेल. घरचं कुणीही येऊ दे. फक्त तुमच्या आधारची झेरॉक्स पाठवा. दोन्ही बाजूंची."