ब्लॉकेज नसेच्या पोकळीत नाही, भिंतीत असतं

आलं, लसूण, लिंबू आणि अॅपल व्हिनेगर उकळायचं, मध घालून रोज सकाळी घ्यायचं, हृदयाच्या नसांमधलं ब्लॉकेज धुऊन निघतं, बायपास लागत नाही. हा मेसेज फॅमिली ग्रुपवर परत परत फिरतोय. सोबत कारणंही असतात, म्हणून एकेक घेतो, कारण हे वाचून लोक खरंच गोळ्या बंद करतात.

"नसा म्हणजे साधे पाइप." अजिबात नाही. धमनीचा आडवा काप मायक्रोस्कोपखाली बघा, तीन थर दिसतात. आतला इंटिमा, त्यात रक्ताला लागून एंडोथेलियम म्हणजे चपट्या पेशींचा एकच पदर, मग नागमोडी दिसणारा इलॅस्टिक पडदा, मग मीडिया म्हणजे गोल गोल रचलेले स्नायू, आणि बाहेर कोलॅजेनचा अ‍ॅडव्हेंटिशिया. महाधमनीत तर स्नायूंच्या मधेमधे इलॅस्टिकचे पन्नासेक पडदे असतात, आणि तिच्या भिंतीला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्यासुद्धा असतात! तो एकपदरी एंडोथेलियमही नुसता अस्तर नाही बरं का, अमेरिकन शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी 1980 मध्ये दाखवलं की तो खरवडून काढला तर असिटिलकोलीन हे धमनी सैल करणारं रसायन दिल्यावर धमनी सैल पडतच नाही. त्यातून एंडोथेलियम नायट्रिक ऑक्साइड हा धमनी सैल करणारा वायू सोडतो हा शोध लागला आणि 1998 चं नोबेल मिळालं.

"चरबी आतून चिकटते, काढा ती विरघळवतो." मेसेजचा सगळा डोलारा इथेच उभा आहे आणि इथेच तो चुकतो. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल एंडोथेलियम ओलांडून इंटिमाच्या आत जाऊन साठतं, पांढऱ्या पेशी तिथे शिरून ते गिळतात आणि फुगतात, मीडियातले स्नायू सरकून आत येतात, वर कोलॅजेनची टोपी तयार होते, पुढे कॅल्शियमही जमतं. यालाच प्लाक म्हणतात. म्हणजे हे सगळं भिंतीच्या आतलं आहे, धुणार काय? काढा आधी पोटात पचतो, आणि रक्ताचा पीएच शरीर 7.35 ते 7.45 मध्येच ठेवतं, व्हिनेगर पिऊन तो आंबट होत नाही. शिवाय सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते, ग्लॅगोव्ह या संशोधकांनी 1987 मध्ये हृदयाच्या धमन्यांमध्ये हे मोजलं, इलॅस्टिक पडद्याच्या आतली साधारण 40 टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत पोकळी फारशी अरुंद होत नाही. म्हणून त्रास नाही म्हणजे काढा लागू पडला असं समजू नका. बरेचसे अ‍ॅटॅक ती टोपी फाटून वर गुठळी झाल्यामुळे येतात.

"गोळ्या नकोत." स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, त्यांनी रक्तातलं एलडीएल कमी होतं, प्लाकमधली चरबी हळूहळू घटते, टोपी जाड होते. लसूण जेवणात खा की, पण गोळीच्या जागी नको.

"पायाच्या फुगलेल्या शिरांवरही हाच काढा." शिरेची भिंत वेगळी असते, मीडिया पातळ, अ‍ॅडव्हेंटिशिया सगळ्यात जाड, आणि इंटिमाच्याच घड्यांच्या झडपा. व्हेरिकोजमध्ये भिंत सैलावते, झडपा नीट मिटत नाहीत, तिथे विरघळवायला चरबीच नसते. पायात असेपर्यंत त्या शिरेत प्लाक जवळपास होतच नाही, पण तीच शीर बायपासला हृदयावर लावली की धमनीचं प्रेशर सोसून तिचा इंटिमा जाड होतो आणि काही वर्षांनी तिच्यातही प्लाक होतं. म्हणूनच सर्जन हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीसाठी शक्यतो छातीच्या आतली धमनी वापरतात, तिचा इलॅस्टिक पडदा जास्त सलग असतो आणि ती जास्त वर्षं टिकते.