आडनाव जमिनीच्या मागे जातं

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे वडील जन्माने नाइटिंगेल नव्हते. ते विल्यम शोअर. आईच्या मामाची डर्बीशरमधली इस्टेट त्यांच्याकडे आली आणि १८१५ साली त्यांनी इस्टेटीबरोबर आडनावही घेतलं. पुढे त्यांना दोन मुलीच झाल्या. त्यामुळे १८७४ मध्ये ते वारल्यावर इस्टेट मुलींना न मिळता त्यांच्या आत्याच्या घरात गेली. आत्याचा मुलगा स्मिथ. यथावकाश तोही नाइटिंगेल झाला.

फ्लॉरेन्सची थोरली बहीण पार्थेनोपी १८५८ साली सर हॅरी व्हर्नी यांच्याशी लग्न करून क्लेडन हाउसमध्ये आली. हे सर हॅरी १८२७ पर्यंत कॅल्व्हर्ट होते. म्हणजे एका बहिणीचं आडनाव वडिलांनी मिळवलेलं आणि दुसरीचं नवऱ्याने. क्लेडन आमच्या बकिंगहॅमशरमध्येच आहे. फ्लॉरेन्सची खोली तिथे जपून ठेवलेली असल्यामुळे पुण्या-साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांना मी हमखास तिथे नेते. चारशे वर्षं एकच घराणं इथे नांदतंय हे ऐकून पाहुणे माना डोलावतात. ‘बघा, याला म्हणतात परंपरा,’ असं कुणीतरी म्हणतंच.

याच पाहुण्यांशी रात्री जेवणावर वाद होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं ठरलं. आमच्या नात्यातल्या एका पक्षाला वाटतं, वंश बापाकडूनच चालतो, मध्ये आई घुसवून काय साधलं? दुसऱ्या पक्षाला वाटतं, बाईला तिची जागा मिळाली, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही, आणि त्याला कारण हे क्लेडनच.

घराण्याची सुरुवात अगदी पोवाड्याला शोभेल अशी आहे. सर एडमंड व्हर्नी हे पहिल्या चार्ल्स राजाचे निशाणदार. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, १६४२ साली एजहिलच्या लढाईत ते पडले. निशाण घट्ट धरलेला त्यांचा तुटलेला हात तेवढा सापडला, अशी दंतकथा आहे. थोरला मुलगा राल्फ मात्र पार्लमेंटच्या बाजूचा. पुढे त्याचं पार्लमेंटशीही बिनसलं आणि तो फ्रान्सला निघून गेला. इकडे इस्टेट जप्त झाली. ती सोडवली कुणी? त्याच्या बायकोने. मेरी ब्लॅकनॉल ही आईबाप गेलेली, भावंड नसलेली ॲबिंग्डनची श्रीमंत मुलगी. १६२९ मध्ये तेराव्या वर्षी तिचं लग्न लावलं गेलं ते तिच्या पैशाकडे बघूनच. त्यात गोड काही नाही. १६४६ मध्ये ती एकटी इंग्लंडला परतली. तेव्हा ती गरोदर होती. वर्षभराहून जास्त काळ तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि १६४८ च्या जानेवारीत जप्ती उठवून घेतली. दोन वर्षांनी ती फ्रान्समध्ये वारली. क्लेडन तेव्हा व्हर्नींच्या हातून गेलं नाही याचं श्रेय मी लढाईतल्या त्या हाताला नाही, मेरीने केलेल्या अर्जांना देते.

पुढे घराणं उमराव झालं, दुसऱ्या अर्ल व्हर्नीने वाडा वाढवता वाढवता दिवाळं काढलं आणि १७९१ मध्ये तो निपुत्रिक गेला. पुतणी मेरी मालकीण झाली. तिने वाड्याचा बराचसा भाग पाडून टाकला, आणि १८१० मध्ये जाताना सगळं सावत्र बहिणीला दिलं. आता नातं बघा: मेरीचे वडील वारल्यावर आईने दुसरं लग्न कॅल्व्हर्ट घराण्यात केलं, त्या लग्नाची ही मुलगी. दोघींची आई एक, व्हर्नी बाप मात्र फक्त मेरीचा. तरी या बहिणीने व्हर्नी आडनाव लावलं, आणि १८२७ मध्ये तिच्यामागे तिच्या चुलतघराण्यातले सर हॅरी कॅल्व्हर्ट वारस होऊन व्हर्नी झाले. अखंड दिसणारी ही परंपरा एका विधवेच्या पुनर्विवाहावर टेकलेली आहे. आमच्याकडच्या वंशावळीत त्या विधवेला ओळसुद्धा मिळाली नसती.

हे सगळं कळतं ते कागद राहिले म्हणून. सतराव्या शतकातलीच तीस हजारांवर पत्रं या घरात होती. ती चाळून घराण्याचा चार खंडी इतिहास सिद्ध केला तो पार्थेनोपी आणि तिच्यामागे मार्गारेट व्हर्नी या सासू-सुनेने. दोघीही बाहेरून आलेल्या. आपल्याकडे कुलवृत्तांताच्या संपादक मंडळात सून किती वेळा दिसते?

आता यावरून इंग्रजांना बायकांची फार चाड होती असं कुणी समजू नये. १८८२ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईची मालमत्ता साधारणपणे नवऱ्याच्या ताब्यात जायची. म्हणूनच पैसेवाले बाप लग्नाआधी करार करून घेत: मुलगी किती आणणार, विधवा झाली तर दरसाल तिला किती मिळणार, विश्वस्त कोण. बाई कागदावर राहिली ती तिच्यामागे जमीन होती म्हणून. भाऊ नसलेल्या मुलीची तर ढालचिन्हंसुद्धा, म्हणजे ढालीवर काढलेली घराण्याची निशाणी, पुढच्या पिढ्या आपल्या ढालीत एकेक चौकट करून बसवत. क्लेडनजवळच्या स्टो वाड्याच्या ड्यूकच्या घराण्याने हा हिशेब ७१९ चौकटींपर्यंत नेला, आणि टेम्पल-न्यूजंट-ब्रिजेस-शँडॉस-ग्रेनव्हिल अशी पाच आडनावं लावली, बहुतेक बायकांच्या माहेरांची. १८४८ मध्ये त्याच्या मुलाच्या घरातल्या सामानाचा चाळीस दिवस लिलाव चालला, ते सोडा.

त्याच १८४८ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने गादीसाठी नामंजूर केला. खासगी मालमत्ता वेगळी आणि राज्य वेगळं, हा त्याचा युक्तिवाद. पण ज्या देशात कायदेशीर दत्तकविधान १९२६ पर्यंत नव्हतं आणि मृत्युपत्र व राजाचा परवाना यांच्या जोरावर कुणीही कुणाचा वारस होऊ शकत होता, तिथल्या सरदाराने हे सांगावं, याची साताऱ्याच्या माणसाला अजून चीड येते. मलाही येते.

आपल्या कुलवृत्तांतात सुनेचं माहेर लिहितात, मुलीचं सासरही लिहितात, हे मान्य. पण लग्नात नावच बदललं की माहेरची कुसुम आणि सासरची रमा एकच, हे दोन पुस्तकं शेजारी ठेवूनही कळत नाही. मुलीच्या पुढची शाखा तर तिथेच संपते. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क आहे. मग काय होतं? भाऊ गाडी पाठवतो, बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, साडी घेऊन परत येते, आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं. जन्मदाखल्यावरचं आईचं नाव चांगलंच आहे. पण ती आई स्वतःच्या बापाच्या सातबाऱ्यावर नसेल, तर दोन पिढ्यांनंतर तिला शोधायला जाणाऱ्याच्या हाती काय लागणार?

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. मी वर्गणी पाठवली आणि एक रकाना सुचवला: प्रत्येक मुलीच्या नावापुढे हक्कसोड केलं का, केलं असल्यास कोणत्या साली. संपादन करणारे काका दुसऱ्याच दिवशी फोनवर म्हणाले, ‘अगं, असं छापलं तर घराणं फुटेल.’ वर्गणी त्यांनी ठेवून घेतली आहे.