एकादशीच्या रात्री दूध कट्ट्यावर

गंगावेशीत दिवस मावळला की म्हशी येतात. गवळी समोर धार काढतो, फेसाळलेला ग्लास तसाच हातात ठेवतो आणि माणूस तो उभ्यानं पिऊन, ओठावरचा फेस पुसत दहा मिनिटं तिथंच रेंगाळतो. आमची ही दहा मिनिटं वीस वर्षं चाललीत. आधी रोज भेटायचो, मग शनिवारी, आता जमेल तेव्हा. आषाढी एकादशीची रात्र मात्र कोल्हापुरात असून कुणी चुकवत नाही. मास्तरचा उपवास असतो, आणि आम्हा चौघांना एकत्र पोटात घालता येईल असं त्या रात्री दूधच उरतं.

यंदा मास्तर आणि पैलवान पहाटे मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडीबरोबर नंदवाळला, आमच्या प्रतिपंढरपूरला, चालत गेले होते. पुईखडीला रिंगण बघितलं, दर्शनाच्या रांगेत पाऊस खाल्ला. मास्तरच्या पायाला फोड आले होते आणि तो खुशीत होता. मी गेलो नव्हतो. पूर आला तर मदतीला जाणाऱ्या एका गटात मी आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बोटीचं इंजिन, दोरखंड, लाइफ जॅकेट तपासायचं काम त्याच दिवशी निघालं. दाद्या पावणेदहाला आला. आल्या आल्या मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाला, "दहाला निघणार. पाचला उठायचंय."

पैलवान तिथंच पेटला.

"पंधरा मिनिटं? तीन महिन्यांनी तोंड दाखवतोयस आणि पंधरा मिनिटं? दवाखान्यात आलायस का आम्हाला बघायला?"

दाद्यानं खिशातून फोन काढून आठवड्याचं वेळापत्रकच दाखवलं. मंगळवार, गुरुवार रंकाळ्याच्या फेऱ्या. रविवारी पन्हाळ्याच्या चढावर लांब पळणं. बुधवारी पोरीचा अभ्यास. शनिवारी आईला जोतिबाला नाहीतर अंबाबाईला. शेवटच्या रविवारी दुपारी मित्र.

"मित्र म्हणून एक खण ठेवलाय की," तो म्हणाला. "लिहून ठेवलं न्हाई तर काहीच होत न्हाई. तुम्ही म्हणता मनात असलं की वेळ मिळतो. माझ्या बापाच्या मनात लई होतं. ४८व्या वर्षी फाउंड्रीच्या गेटवर पडला. मी ४१ चा हाय."

यावर कुणी काही बोललं नाही. दाद्याचं पळणं हौसेचं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच्या वडिलांना खांदा द्यायला आम्ही तिघेही होतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन तो यंदा पहिल्यांदा पळणार आहे, आणि त्यासाठी सहा महिने त्यानं वडा-मिसळीला हात लावलेला नाही. कोल्हापुरात राहून हे किती अवघड आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही.

पैलवान आपल्या मुद्द्यावर आला. त्याचा मुद्दा कायम तालमीवरनं निघतो आणि तालमीतच पोचतो, पण त्यात दम असतो.

"आमच्या वेळी असले खण नव्हते रे. पहाटे चारला उठलं की आधी मारुतीला पाणी. मग माती उकरायची. त्यात ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू. मग जोर, बैठका, लढत. ज्याच्याशी लढलास त्याचंच अंग रगडायचं. गावाकडनं कुणाचं तूप आलं न्हाई तर दुसऱ्याच्या डब्यातलं त्याच्या वाटीत. गल्लीत कुणी मेलं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, तर वस्ताद नुसता हाक मारणार आणि पोरं लंगोटावर शर्ट चढवून पळणार. देव, अंग, सेवा, दोस्ती ह्याचा हिशोब वेगळा मांडलाच न्हाई कुणी. तुम्ही त्याचे चार तुकडे केलासा, आणि आता तुकडे जुळवत बसलाय."

हे मला पटतं. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि त्यातून नुसते मल्ल तयार झाले नाहीत. पेठेपेठेत एक जागा तयार झाली. आजही आमच्याकडे तालीम म्हणजे आखाडा, गणपती, फुटबॉलचा संघ आणि अडल्यानडल्याचा दरवाजा, हे सगळं एकाच पाटीखाली असतं. माणूस एका उंबऱ्यातून आत गेला की चारही गोष्टी त्याच्या वाट्याला येत. त्यासाठी त्याला वेगळा वेळ काढावा लागत नसे.

पण मास्तर पायाचे फोड कुरवाळत म्हणाला, "पैलवान, त्या उंबऱ्यातून बाई कधी आत गेली? तुझी बहीण गेली? आमची ही आज पहाटे माझ्याबरोबर नंदवाळपर्यंत चालली. डोक्यावर तुळस घेऊन. दुपारी परत येऊन पोरांसाठी स्वयंपाक, आमच्यासाठी भगर, मग तीन तास झोप आणि आत्ता रक्तपेढीत रात्रपाळी. तिचं वारीचं झालं, चालायचं झालं, सेवेचं तर पोटापाण्याचंच झालं. तिच्या वाटणीत कट्टा कुठंय? तिच्या मैत्रिणी लग्नानंतर कुठं पांगल्या ते तिलाच सांगता येत न्हाई. तालमीत सगळं एकत्र होतं, कारण घरचं सगळं दुसरं कुणीतरी बघत होतं."

पैलवाननं ग्लास खाली ठेवला. "हे खरं हाय," म्हणाला. त्याचा हा गुण मोठा. पटलं की लगेच मान्य करतो.

मग मी बोललो. खूप दिवस मनात होतं ते बोललो. म्हटलं, एकादशीला तिथी आहे. दाद्याच्या शर्यतीला तारीख आहे. रक्तदान शिबिर २६ जूनला, शाहू जयंतीला, ठरलेलं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, म्हणजे माझ्या कामालासुद्धा आकडा आहे. तारीख नाही ती फक्त मैत्रीला. म्हणून कुठलंही काम वाढलं की पहिली कात्री तिलाच लागते. आपण म्हणतो, आपलाच आहे, समजून घेईल. आणि तो समजून घेतो, हाच घात आहे. त्यानं एकदा जरी भांडण काढलं असतं तर आपण गेलो असतो.

पैलवान माझ्याकडं बघत राहिला. मग अगदी सावकाश म्हणाला, "भांडण काढू व्हय?"

मला कळलं तो कुठं चाललाय.

"२०१९. ऑगस्ट. हायवे बंद पडलेला. मी किणी टोलनाक्याच्या पलीकडं ट्रकांच्या रांगेत. घरात आई एकटी, कुंभार गल्लीत पाणी चढतंय. तुला अकरा फोन केले. अकरा. मोजलेत मी."

मी त्या दिवशी चिखलीत होतो. प्रयाग चिखली, आंबेवाडी, तिकडं माणसं माड्यांवर, पत्र्यांवर बसली होती. जनावरं दावणीला होती. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बोटीच्या डब्यात टाकलेला. आम्ही एका दिवसात किती खेपा केल्या ते आता सांगता येत नाही. एक बाळंतीण, एक डायलिसिसचा म्हातारा, एवढी तोंडं आठवतात. दोन दिवसांनी फोन चार्ज झाला. अकरा मिस्ड कॉल बघून मी पैलवानला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "झालं सगळं. आई सुखरूप हाय. तू तुझं काम कर." मी ते खरं मानलं. काम केलं. पेपरात आमच्या गटाचा फोटो आला. आईला कुणी उतरवलं, कसं उतरवलं, हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नव्हतं.

"तू चूक केलीस असं मी म्हणत न्हाई," पैलवान म्हणाला. "चिखलीतली माणसंबी कुणाची तरी आईच हाय. पण नंतर तरी विचारायचं न्हाई?"

मास्तर काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी. रक्तपेढीच्या कामाचा फोन असला की त्या थेट मला करतात, कारण रक्तदात्यांची यादी माझ्याकडं असते.

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसलेली एक बाई. ओ पॉझिटिव्हच्या शिल्लक पिशव्या तिला लावायला घेतल्यात, मागं काही उरत नाही. नवीन रक्त तपासून हाती यायला काही तास जातात, म्हणून माणसं आत्ता हवीत. कोण आहे?

मी यादी डोळ्यांपुढं आणली. मी आणि पैलवान २६ जूनला शिबिरात देऊन बसलेलो. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, आम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. यादीतले बहुतेक सगळे त्याच शिबिरातले. समोर दोघं ओ पॉझिटिव्ह होते. मास्तर त्या दिवशी शाळेच्या फेरीत अडकल्यामुळं राहिलेला. आणि दाद्यानं शर्यतीमुळं यंदा नको म्हटलेलं.

मास्तर उठला. "मी येतो."

फोन स्पीकरवर होता. वहिनी तिकडून म्हणाल्या, "तुमचा उपवास आहे. उपाशी माणसाचं रक्त मी घेणार नाही. जेवून या."

"दूध प्यालोय. भगर खाल्लीय दुपारी."

"पहाटेपासून चाललायत तुम्ही. जेवून या, नाहीतर येऊ नका." आणि फोन ठेवला. नवऱ्याला अशी आज्ञा देताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मास्तर गळ्यातल्या माळेशी बोट फिरवत उभा राहिला. सातवीत असल्यापासून त्याची आषाढी मोडलेली नाही. वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही. पैलवान म्हणाला, मोड, विठोबा काय तुझं पोट तपासायला बसलाय? मास्तर म्हणाला, "मोडतो की. मोडणारच हाय. जरा थांब, एवढंच." त्याला विठोबाची भीती वाटत नव्हती. इतक्या वर्षांची एक गोष्ट हातातून सोडायला त्याला दोन मिनिटं हवी होती. मला वाटतं ती दोन मिनिटं माणसाला मिळाली पाहिजेत. श्रद्धा मोडणाऱ्याला आपण फार घाई करतो.

दाद्या तोवर घड्याळ बघत होता. दहा वाजून गेले होते.

"मास्तर, बस खाली," तो म्हणाला. "मी जातो."

"तुझी शर्यत?"

"३५० मिली जातंय. पाणी एक-दोन दिवसात भरून निघतंय. तांबड्या पेशींना आठवडे लागतात. चढावर दम लागेल. वेळ वाढेल. वाढू दे."

"सहा महिने घालवलेस तू."

"तू तीस वर्षं घालवलीस."

दाद्या देव मानत नाही. आईला जोतिबाला घेऊन जातो आणि स्वतः पायऱ्यांवर बसून राहतो. चांगभलंच्या गजरात त्याचा हात कधी वर गेलेला मी पाहिला नाही. तो त्या अनोळखी बाईसाठी निघाला की मास्तरच्या उपवासासाठी, हे मी त्याला विचारलं नाही, आणि मला ते वेगळं काढायचंही नाही. एवढं खरं की आमच्यापैकी कुणी त्याला सेवेचं महत्त्व सांगून हलवू शकलं नव्हतं. शिबिराच्या आधी मी अर्धा तास डोकं खाल्लेलं.

मास्तरला घरी सोडलं आणि आम्ही तिघं रक्तपेढीत गेलो. वहिनींनी दाद्याचं हिमोग्लोबिन तपासलं, कधी जेवलास, सकाळी किती पळालास, कुठली गोळी चालू आहे का, सगळं ओळखपाळख नसल्यासारखं विचारलं आणि त्याला आत घेतलं. मी आणि पैलवान बाहेरच्या बाकावर बसलो. पाऊस पुन्हा लागला होता. समोर एक तरुण पोरगा हातातली चिठ्ठी घडी घालत, उलगडत उभा होता. त्याच बाईचा नवरा असावा.

मी विचारलं, "आईला कुणी उतरवलं?"

पैलवान थोडा वेळ गप्प बसला.

"तालमीची पोरं. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर दार बांधलं आणि गल्लीत शिरली. वस्ताद स्वतः पाण्यात. वय ६४. पण आई उतरंना. माडीच्या खिडकीत बसलेली. दोन तास पोरं खाली पाण्यात थांबली."

"का?"

"तुझं नाव घेत होती. म्हणायची, त्याच्याकडं बोट हाय, तो येणार हाय, त्याला कळलं असणार. तो येऊन मोकळ्या घरातनं परत गेला तर त्याला काय वाटंल."

मला काही बोलता आलं नाही. पैलवाननंही माझ्याकडं बघितलं नाही, आणि ते बरं केलं.

दाद्या कोपर दुमडून, कापूस दाबून बाहेर आला. वहिनींनी दिलेला बिस्किटाचा पुडा त्याच्या दुसऱ्या हातात होता. त्यानं तो त्या पोराकडं केला. पोरानं एक बिस्किट घेतलं.

पैलवाननं गाडीची किल्ली काढली. मी म्हटलं, आईला भेटायला कधी येऊ?

"सकाळी ये," तो म्हणाला. "बारस सोडायला. मास्तरलाबी घेऊन ये."