चेक नावाचा देश नाही!

भालाफेकीवरचा एक इंग्रजी लेख आज वाचला आणि डोकं तडकलं. यान झेलेझनी! तीन ऑलिंपिक सुवर्णं, 1996 पासून कुणालाही न मोडता आलेला 98.48 मीटरचा विश्वविक्रम, आपल्या नीरज चोप्राला शिकवलेला माणूस. त्याच्या देशाबद्दल लेखात एकच वाक्य आहे. तो म्हणे ‘एर्स्टव्हाइल चेक’चा (पूर्वीच्या चेकचा), म्हणजे 1989 साली फुटलेल्या ‘चेकोस्लाव्हाकिया’चा, आणि तिन्ही सुवर्णं त्याने त्याच देशासाठी जिंकली. एक वाक्य, चार चुका. इतक्या चुका करायलाही मेहनत लागते हो!

स्पेलिंगपासूनच घ्या. ‘स्लाव्ह’ नाही, ‘स्लोव्ह’. एलनंतर ओ येतो, ए नाही. सगळी मिळून चौदा अक्षरं आहेत, मोजा. सुरुवातीला सी-झेड-ई-सी-एच. नुसतं सी-एच-ई-सी-के लिहिलंत तर तो बँकेतला चेक झाला.

आता साल. 1989 च्या नोव्हेंबरात मखमली क्रांती झाली, कम्युनिस्टांची सत्ता गेली. देश फुटला नाही! सत्ता जाणं आणि देश विभागला जाणं यांत तीन वर्षांचं अंतर आहे. विभाजनाचा कायदा संसदेत 25 नोव्हेंबर 1992 ला झाला, 31 डिसेंबरच्या मध्यरात्री चेकोस्लोव्हाकिया संपला आणि 1 जानेवारी 1993 ला चेक रिपब्लिक आणि स्लोव्हाकिया हे दोन देश उभे राहिले. मग झेलेझनीची पदकं त्या तारखांवर ठेवून बघायला काय हरकत होती? बार्सिलोना 1992: चेकोस्लोव्हाकिया. अटलांटा 1996 आणि सिडनी 2000: चेक रिपब्लिक. पदकतक्त्यात तर देशाचा संक्षेपसुद्धा बदललेला दिसतो. आधी टी-सी-एच, नंतर सी-झेड-ई. समोर छापलेलं दिसत असताना चुकायचं म्हणजे काय!

आणि कहर पुढे आहे. कुणीतरी चूक कळवली असावी, कारण संध्याकाळी लेखात ‘दुरुस्ती’ झाली. काय केलं? सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारलं. आता तिन्ही सुवर्णं चेक रिपब्लिकची! म्हणजे सकाळी दोन पदकं चुकीची होती, संध्याकाळी एक. अरे, वर्ष बघा ना! देशाचं नाव सालाला बांधलेलं असतं, ते सरसकट बदलता येत नाही. याच रिप्लेसच्या खोडीने 1952 च्या हेलसिंकीत पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन जिंकणारा एमिल झाटोपेक ‘चेकिया’चा होऊन बसतो. लेखक काफ्का 1883 साली प्रागमध्ये जन्मला तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य होतं, पण त्याचाही जन्म ‘चेकोस्लोव्हाकियात’ झाल्याचं बिनदिक्कत लिहिलं जातं. तो देशच मुळी 28 ऑक्टोबर 1918 ला जन्माला आला.

‘फॉर्मर’चा (माजी, पूर्वीचा) तर मला मनस्वी संताप आहे. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत गोटाचे रणगाडे ‘फॉर्मर चेकोस्लोव्हाकिया’त घुसले नाहीत, चेकोस्लोव्हाकियात घुसले. तेव्हा तो देश नकाशावर होता, संयुक्त राष्ट्रांत त्याची खुर्ची होती. ‘फॉर्मर’ लावायचं ते आजच्या संदर्भात बोलताना. तसंच ‘सोशालिस्ट’चं. चेकोस्लोव्हाक सोशालिस्ट रिपब्लिक हे अधिकृत नाव 1960 च्या राज्यघटनेने आलं आणि 1990 मध्ये गेलं. 1948 ला कम्युनिस्टांनी सत्ता घेतली म्हणून 1950 साली घडलेल्या गोष्टीला ते नाव चिकटवू नका.

आणि ‘चेको-स्लोव्हाकिया’ अशी मधली आडवी रेघ? ती 1938 च्या शरदापासून मार्च 1939 पर्यंतच्या अधिकृत नावात होती, तिथे ठेवा, एरवी काढा. 1990 मध्ये याच रेघेवरून प्रागमध्ये आणि ब्रातिस्लाव्हात रण पेटलं होतं. आपलं नाव शेपटासारखं जोडलेलं स्लोव्हाकांना नको होतं. शेवटी एप्रिलमध्ये ‘चेक अँड स्लोव्हाक फेडरेटिव्ह रिपब्लिक’ असं लांबलचक नाव आलं. इंग्रजीत ‘फेडरल’ही लिहितात. त्या काळाबद्दल साधं ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलं तरी चालतं. लोक ज्या रेघेवरून भांडले ती आपण झोपेत टाकतो, याची लाज वाटायला हवी.

आजच्या देशाला इंग्रजीत दोन नावं आहेत आणि दोन्ही बरोबर. औपचारिक ‘द चेक रिपब्लिक’, त्यात ‘द’ हवाच. आखूड ‘चेकिया’, त्याला ‘द’ अजिबात नको. सरकारने 2016 मध्ये हे आखूड नाव मंजूर करून संयुक्त राष्ट्रांत नोंदवलं. पॅरिस ऑलिंपिकला संघ ‘चेकिया’ म्हणूनच आला. उच्चार चेकिया, ‘चेचिया’ नाही! नुसतं ‘चेक’ हे विशेषण आहे, भाषेचं नाव आहे, तिथला माणूस आहे. देश नाही. ‘आय वेंट टू चेक’ म्हणजे ‘मी फ्रेंचला गेलो’ म्हणण्यासारखं आहे. चेचन्या तर साफ वेगळा, तो रशियात. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर (हल्लेखोर चेचेन वंशाचे होते) हा गोंधळ इतका माजला की अमेरिकेतल्या चेक राजदूताला, आम्ही ते नव्हे, असं निवेदन काढावं लागलं.

मराठीतलं ‘झेक’ कुठून आलं तेही उघड आहे. इंग्रजी स्पेलिंगमधला झेड दिसला, झ लिहिला. मूळ उच्चारात च आहे, इंग्रजीतही चच आहे, ती सी-झेडची जोडी पोलिश लेखनपद्धतीची. आणि यान झेलेझनीचा आपण ‘जॅन’ करतो!

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो स्लोव्हाकांवर. आधी त्यांना स्लोव्हेनियात ढकलायचं, जो युगोस्लाव्हियातून निघालेला वेगळाच देश, राजधानी ल्युब्लियाना. तिथून सुटले की त्यांचं सगळं ‘चेक’ या शब्दात गिळून टाकायचं. प्राग वसंताचा, म्हणजे 1968 च्या सुधारणांच्या पर्वाचा नेता अलेक्झांडर दुब्चेक स्लोव्हाक होता, तरी इंग्रजी मथळ्यात ‘चेक लीडर’. 1976 साली बेलग्रेडमध्ये पश्चिम जर्मनीला हरवून युरो चषक जिंकणाऱ्या संघाचं नावही ‘द चेक्स’. पनेन्काने चेंडू अलगद मधोमध उचलून मारलेली ती शेवटची पेनल्टी सगळ्यांना आठवते, पण त्या संघातले बहुतेक खेळाडू स्लोव्हाक होते. त्यांच्यासाठी ‘चेकोस्लोव्हाक’ हा शब्द तयार आहे, शब्दकोशात आहे. तो लिहा!