खान्देशचे ऊन, परफॉर्मन्स टायर आणि एक फिरता संदेश

उन्हाळा लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या गाडीमालकांच्या गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: परफॉर्मन्स टायरचे (जास्त पकड आणि वेगासाठी बनवलेल्या टायरचे) रबर मऊ असल्याने आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते वितळतात आणि फुटतात, पकड हवी असेल तर साधेच टायर, पण दोन माप रुंद घ्यावेत, उन्हात हवा फुगते म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा चार-पाच पॉइंट (दाबाचे एकक, पीएसआय) हवा कमी ठेवावी, किंवा नायट्रोजन भरावा म्हणजे दाब वाढतच नाही, टायरवरच्या, कमाल वेग सांगणाऱ्या अक्षराकडे दुर्लक्ष करावे, कारण आपल्या रस्त्यांवर दोनशेने कोण जातो, आणि दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी पुढे बसवावी.

महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, त्यामुळे या संदेशामागची भीती खोटी म्हणता येणार नाही. सल्ला मात्र असा आहे की तो तंतोतंत पाळणाऱ्याचा टायर फुटण्याची शक्यता वाढावी.

मूळ घोटाळा उष्णता कोठून येते याविषयीचा आहे. धावत्या टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दर फेऱ्याला चपटा होतो आणि पुन्हा मूळ आकारावर येतो. रबर आणि आतले धागे या वाकण्यात घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाहीत. उरलेली उष्णतेच्या रूपाने टायरमध्येच साचते. मध्यम आकाराच्या कारचा टायर ताशी शंभर किलोमीटरला सेकंदाला सुमारे चौदा वेळा फिरतो, म्हणजे त्याचा प्रत्येक भाग सेकंदाला चौदा वेळा वाकतो. बाहेरचे ऊन आणि तापलेले डांबर या उष्णतेला बाहेर पडू देत नाहीत, एवढा त्यांचा वाटा आहे आणि तो लहान नाही. पण भुसावळच्या भर दुपारी मोकळ्या जागेत उभी असलेली कार टायर फोडत नाही, आणि कमी हवेची, माणसांनी भरलेली कार महामार्गावर तासभर पळाली की फोडू शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणूनच या संदेशातला सर्वांत घातक भाग म्हणजे हवा कमी ठेवण्याचा सल्ला. हवा फुगते हे खरे आहे, पण किती फुगते ते मोजून पाहावे. सकाळी २८ अंशांना ३३ पॉइंट हवा भरलेला टायर धावून आतून ६५ अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या साध्या नियमाने त्यातला दाब सुमारे ३९ होतो. ही सहा पॉइंटांची वाढ अपेक्षितच असते. कंपनी जो दाब सांगते तो थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात गृहीत धरलेली असते. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाबही थंड टायरचाच असतो. याउलट २८ पॉइंटांवर ठेवलेला टायर दर फेऱ्याला अधिक वाकतो, त्याच्या खांद्यापाशी अधिक उष्णता साचते, आणि तेथेच टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्यांची टोके रबरापासून सुटू लागतात. दुपारी पंपावर हवा तपासायला थांबून ‘वाढली आहे, सोडा जरा’ म्हणणारा चालक नेमके हेच ओढवून घेतो. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना तपासावी.

आता चालकाच्या बाजूचे दार उघडून खांबावर चिकटवलेला तक्ता पाहा. बहुतेक गाड्यांच्या तक्त्यावर दाबाचे दोन रकाने असतात, एक कमी भाराचा आणि एक पूर्ण भाराचा, आणि दुसऱ्यातले आकडे मोठे असतात. आपल्याकडे लग्नसराई ऐन मे महिन्यात असते. पाच माणसे, आहेराच्या पिशव्या आणि डिकीत मिठाईची खोकी घेऊन धुळ्याहून नागपूरकडे निघालेल्या गाडीला दुसरा रकाना लागू होतो, आणि संदेश सांगतो पहिल्याहूनही खाली जा!

नायट्रोजनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो. कोरडा नायट्रोजन भरल्याने आतली ओल टळते आणि गळती थोडी संथ होते. फुकट मिळत असेल तर जरूर भरावा.

टायर वितळतात हा दावा रबराची ओळख नसल्याने केलेला आहे. कच्चे रबर उन्हाने चिकट होते, ही अडचण चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेच्या प्रक्रियेने सोडवली, आणि आज प्रत्येक टायर त्याच तत्त्वावर तयार होतो. शिवाय उन्हाळी वर्गातल्या परफॉर्मन्स टायरचे मिश्रण गरम रस्त्यासाठीच बेतलेले असते. त्याची पकड साधारण सात अंशांखाली उतरते. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा तिथवर जातो, तेव्हा या टायरविषयी हवामानाचा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो जानेवारीतल्या पहाटेचा घ्यावा लागेल.

परफॉर्मन्स टायरचे खरे दोष वेगळे आहेत. ते लवकर झिजतात आणि किंमत जास्त असते. बाजू बुटकी असल्याने खड्ड्यात रिमला मार बसतो, टायरच्या बाजूवर फुगा येतो, आणि असा टायर दुरुस्त होत नाही. अनेक टायरांवर ‘ट्रेडवेअर’ (झीज) शब्दापुढे एक आकडा असतो. तो दोनशे-तीनशेच्या आसपास असेल तर पकड मिळते पण आयुष्य कमी, चारशेच्या पुढे असेल तर साधारण उलट. हा आकडा उत्पादक स्वतःच ठरवतो, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. ज्याचा रोजचा रस्ता खड्ड्यांचा आहे, त्याला परफॉर्मन्स टायर मी सुचवणार नाही. पण त्याचे कारण ऊन नव्हे.

दोन माप रुंद घेण्याच्या सल्ल्यात हिशेबच केलेला नाही. समजा, गाडीला १८५/६५ आर१५ मापाचे टायर आहेत: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. याचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर होतो. १९५/६० आर१५ घेतला तर व्यास ६१५, म्हणजे एक टक्क्याचा फरक, आणि तो चालून जातो. २०५/६५ आर१५ घेतला तर व्यास ६४७ च्या पुढे जातो. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे चारच्या आसपास धावते, आणि वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या आवरणाला घासण्याची भीती राहते. १९५/५५ आर१५ रुंदही आहे आणि ‘स्पोर्टी’ही दिसतो, पण त्याचा भारांक (टायर किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा) बहुधा ८५ म्हणजे ५१५ किलो असतो, तर मूळ मापाचा ८८ म्हणजे ५६० किलो. चार टायरांत मिळून १८० किलोंची क्षमता दिसण्यापायी गेली. कमी भारक्षमतेचा टायर पूर्ण भाराखाली अधिक वाकतो, आणि अधिक वाकणे म्हणजे अधिक तापणे.

पावसाळ्याचा विचार तर संदेशात कोठेच नाही. पहिल्या सरी पडल्या की यावल-रावेर पट्ट्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांसोबत काळी माती रस्त्यावर आणतात, आणि ओल्या काळ्या मातीचा थर किती निसरडा असतो हे येथल्या दुचाकीस्वाराला सांगावे लागत नाही. भार आणि दाब तोच असता रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा भाग फारसा मोठा होत नाही, आडवा पसरतो. त्याला समोरचे अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि तो कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. पावसात पकड मिळते ती नक्षीची रचना, तिची खोली आणि रबराचे मिश्रण यांमुळे. नक्षीच्या चरांतले उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो काढलाच पाहिजे.

वेगाचे अक्षर निरर्थक आहे हा दावा ऐकायला व्यवहारी वाटतो. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर ताशी. प्रयोगशाळेतल्या फिरत्या ड्रमवर, ठरलेल्या भाराखाली, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत टायर तपासून ही अक्षरे देतात. म्हणजे ती उष्णता सोसण्याच्या क्षमतेचीही खूण असतात. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, तरी मे महिन्यात पूर्ण भाराने सतत त्या वेगाने जाताना ही शिलकीची क्षमताच कामी येते. गाडीच्या कंपनीने व्ही सांगितले असताना काही रुपये वाचवण्यासाठी टी घेऊ नये.

नवी जोडी पुढे बसवावी, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, हे पटण्यासारखे वाटते. टायर-उत्पादक मात्र नवी जोडी मागे बसवायला सांगतात. चाळीसगावहून कन्नडचा घाट पावसात चढता-उतरताना पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते. याच कारणासाठी पुढे परफॉर्मन्स आणि मागे झिजलेले साधे अशी सरमिसळही करू नये.

उन्हावर एक आरोप मात्र रास्तपणे करता येतो, आणि नेमका तोच संदेशात नाही. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात, नक्षी कितीही शिल्लक असो. टायरच्या बाजूवर छापलेल्या सांकेतिक ओळीच्या शेवटी निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणाऱ्या महागड्या टायरवर हे अंक आधी वाचावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही स्थितीत बदल, असे अनेक उत्पादक सांगतात, आणि हा नियम कधीच न वापरलेल्या स्टेपनीलाही लागू आहे.