‘तुम्हाला कळायला नको का?’ हे बाबांना परत कोणी विचारू नका

परवा एका लग्नात नात्यातल्या एका काकांनी बाबांना पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, तुम्ही एवढे हिशेबाचे पक्के, तुम्हाला कळायला नको का?" बाबा काही बोलले नाहीत. पानातली जिलबी तशीच ठेवून उठले. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दिवाळीत साडीच्या नावाखाली बाबांना ऑनलाइन फसवलं, तेव्हापासून गिळत आले होते, आता लिहितेच.

बाबा ६९ वर्षांचे आहेत. एका सहकारी सोसायटीत ३१ वर्षं हिशेबनीस होते. ताळेबंदात दहा पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कंदिलाखाली बसायचे, असं आई सांगते. निवृत्तीनंतर स्मार्टफोन घेतला, तो स्वतः शिकले. आळीतल्या पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले स्वतःच्या मोबाइलवर चेहरा स्कॅन करून तेच भरून द्यायचे. अशा माणसाला फसवायला काय लागतं? मूर्खपणा लागत नाही. सण लागतो, बहीण लागते आणि समोर एक पोटभरू हरामखोर लागतो, ज्याला हे दोन्ही बरोबर माहीत आहे.

आत्याला गेल्या वर्षी सत्तर पूर्ण झाली. बाबांनी मनात धरलं, "आयुष्यभर ओवाळणीच्या ताटात शंभर-दोनशे टाकत आलो, यंदा भाऊबीजेला तिला पैठणी नेसवायची." घटस्थापनेच्या सुमारास भजनं ऐकताना फोनवर जाहिरात आली. मागावर बसलेला माणूस, सरसर जाणारा धोटा, मागे स्वच्छ मराठी आवाज, ‘येवल्याच्या विणकरांकडून थेट तुमच्या दारात, मध्ये दलाल नाही’. ९,९९९ खोडून २,१९९. खाली उलटं धावणारं घड्याळ, तीन तासांची मुदत. ‘फक्त ४ नग शिल्लक.’ नंतर मी ते पान स्वतः उघडून पाहिलं. पान बंद करून परत उघडलं की घड्याळ परत तीन तासांवर. नग परत चार. तुमच्या बापाच्या घाईवर कोणीतरी हे यंत्र बसवलंय.

आता काका म्हणणार, दोन हजारात पैठणी मिळते का? मिळत नाही. हातमागावरच्या पैठणीला कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर महिने जातात, तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिची विणकराची मजुरीसुद्धा त्या पैशात निघणार नाही. पण यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ याच भावात भर बाजारात, पाटी लावून विकली जाते. कुठल्याही साड्यांच्या दुकानात विचारा. म्हणजे आकडा अशक्य नव्हता. तो पेन्शनीत बसणारा होता, म्हणूनच निवडलेला होता. आणि ‘दिवाळीच्या गर्दीमुळे कॅश ऑन डिलिव्हरी बंद’ हेही तसंच ठरवून लिहिलेलं. बाबांनी यूपीआयने पैसे भरले.

वसुबारसेला पार्सल आलं. करड्या प्लॅस्टिकची पिशवी, आत बिल नाही, पाठवणाऱ्याच्या जागी नुसता एक गाळा नंबर. बाबा बाहेर गेले होते, आईने उघडलं. आईचं माहेर पैठणकडचं. तिने साडी अंगावर लावूनसुद्धा पाहिली नाही, आधी पदर उलटा केला. खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण नक्षी हाताने विणत गेलेली असते. इथे उलट्या बाजूला फिकट पांढुरका फटकारा. मोर छापलेला. आईने बोट ओलं करून मोराच्या मानेवर घासलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. निळं. ते निळं बोट अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

इथवर गेले होते २,१९९. इथे थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

बाबा परत आले, साडी पाहिली, आणि कोणाला न सांगता आतल्या खोलीत जाऊन त्या दुकानाचा कस्टमर केअर नंबर शोधायला लागले. पेजवर नंबरच नव्हता. म्हणून सर्च केलं आणि पहिला जो दिसला तो लावला. आणि तिथेच दुसरा बसला होता. हे लोक स्वतःचे नंबर कस्टमर केअर म्हणून इंटरनेटवर चिकटवून ठेवतात आणि वाट बघत बसतात, कारण फसलेला माणूस रागात आणि घाईत शोधतो हे त्यांना ठाऊक असतं. फोनवरचा पोरगा अतिशय अदबीने बोलला. दर वाक्याला सर. आधी ‘शुभ दीपावली’ म्हणाला. "सर, लाइनवरच थांबा, मी स्वतः रिफंड करून देतो." व्हॉट्सअॅपवर एक फाइल पाठवली, रिफंड फॉर्म म्हणून. शेवटी डॉट एपीके. बाबांनी ती उघडली, विचारलं त्याला हो म्हटलं, कार्डाचा नंबर भरला, ‘पडताळणीसाठी’ एक रुपया भरला.

एपीके म्हणजे फॉर्म नव्हे. ते अॅप असतं, अधिकृत अॅप स्टोअरच्या बाहेरून तुमच्या फोनमध्ये घुसवलेलं. एसएमएसची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो. बाबांनी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. सांगायची गरजच पडली नाही. रात्री नऊच्या आत तीन व्यवहार झाले. १९,९९९. परत १९,९९९. मग ८,५००. बाबांना एकही मेसेज दिसला नाही. दुसऱ्या दिवशी फुलं-फळांसाठी पैसे काढायला एटीएमवर गेले तेव्हा कळलं.

आणि मग ते गप्प बसले. सहा दिवस. अभ्यंगस्नान झालं, लक्ष्मीपूजन झालं, पाडव्याला आईने ओवाळलं, बाबा हसून पाटावर बसले. मला वाटलं पित्त झालंय. भाऊबीजेला आत्याने ओवाळलं तेव्हा त्यांनी ताटात ५०१ चं पाकीट ठेवलं आणि मान वर केली नाही. संध्याकाळी मागच्या पडवीत मी विचारलं, तेव्हा पहिलं वाक्य काय आलं माहितेय? "तुम्ही मला हसाल असं वाटलं."

मी उभ्या उभ्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, व्यवहार किती तारखेला झाला? मी तारीख सांगितली. त्या क्षणभर थांबल्या. त्या थांबण्यात सगळं आलं. १९३० वर तक्रार गेली की ती थेट बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथे ते गोठवता येतात. पण चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. या खात्यातून त्या, तिथून तिसऱ्या, आणि मग एटीएममधून काढून मोकळा. पहिल्या काही तासांत फोन गेला तर हाताला काही लागतं. आमचे सहा दिवस गेले होते. ते सहा दिवस चोराने घेतले नाहीत, काकांच्या त्या वाक्याने घेतले. ते वाक्य तेव्हा कोणी उच्चारलंही नव्हतं, बाबांच्या कानात ते आधीच वाजत होतं. आपल्या घराघरांत ते लहानपणापासून वाजतं. पाकीट मारलं तर "जपून राहायला नको का", साडी खोटी निघाली तर "पारखून घ्यायला नको का". चोराला शिवी कोणी घालतच नाही!

बँकेत गेलो तर तिथेही तेच. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकाच्या हलगर्जीपणाने गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. काउंटरवरच्या साहेबांनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. हलगर्जीपणा! म्हाताऱ्या माणसाच्या खात्यातून, ज्यातून वर्षानुवर्षं औषधं आणि किराणा यापलीकडे काही गेलं नाही, त्यातून रात्री एका दमात ४८,४९८ रुपये जातात आणि तुमच्या यंत्रणेला शंकासुद्धा येत नाही, तो कोणाचा हलगर्जीपणा?

पोलिसांकडे गेलो. हे आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो, तर सायबरला जा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असो, देता येते. मी ते फोनवर काढून वाचून दाखवलं तेव्हा कागद पुढे आला. ज्याला मुलगी बरोबर नाही, कलम माहीत नाही, त्याने काय करायचं? बाबा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत ती साडी होती, पुरावा म्हणून.

आणि ती जाहिरात? ती दाखवणाऱ्या कंपनीकडे मी तिची तीनदा तक्रार केली. उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. ती जाहिरात बाबांच्या फोनवर आपोआप उगवली नव्हती. तिचे पैसे कोणीतरी भरले आणि कोणीतरी घेतले. २०२० चे ई-कॉमर्स नियम म्हणतात की ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी ठळक दाखवला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. मग ज्या पेजवर पत्ताच नाही त्याची जाहिरात पैसे घेऊन लाखोंना दाखवताना हे तपासायचं कोणाच्या बापाने?

यातून कोणी सुटत नाहीये. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने चकली-अनारशांचा डबा एका ‘घरगुती फराळ’ पेजवरून मागवला, फोटो कुठल्यातरी भलत्याच बाईच्या पेजवरून उचललेले होते. डबा आलाच नाही. शेजारच्या वहिनींना मेसेज आला, पोस्टाचं पार्सल गोदामात आहे, पत्ता अपुरा, ४८ तासांत लिंकवर दुरुस्त करा. पोस्टखातं असे मेसेज पाठवत नाही हे सरकारने कितीदा सांगितलं. पण दिवाळीत प्रत्येक घरी कुठलं ना कुठलं पार्सल यायचं असतंच, म्हणून वहिनींनी लिंक दाबली. दाबणारच.

म्हणून तुमच्या घरच्यांना आजच सांगा, आणि शिकवणीच्या आवाजात नको. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधायचा नाही, ज्या अॅपवरून घेतलं त्याच्या आतून घ्यायचा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फाइलचा शेवट एपीके असेल तर हात लावायचा नाही, मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो की रिफंड म्हणून. पैसे मिळवायला पिन लागत नाही. अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे नाहीत, आणि कॅश ऑन डिलिव्हरी असली तरी पार्सल फोडताना व्हिडिओ. माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि खात्यातून पैसे गेले तर घरच्यांना सांगण्याच्याही आधी १९३०. रडायचं नंतर, लाजायचं तर अजिबात नाही.

दिवाळीनंतर आत्या मुद्दाम दोन दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, "अरे, ती मोराची साडी दे मला, मी नेसते." बाबांनी दिली नाही. पोलिसांना लागेल म्हणाले. ती कपाटात आहे, त्याच करड्या पिशवीत.

आळीतल्या चार जणांची पेन्शनची कामं बाबांनी बंद केली. गॅसचा नंबर लावायचा असला तरी फोन घेऊन माझ्याकडे येतात, अंगठा स्क्रीनच्या वर धरतात आणि विचारतात, "हे दाबू का?"